काडी चालेल, राखुंडी नको: टूथपेस्ट सोडू पाहणाऱ्या एका वाचकाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. टूथपेस्ट वापरली की तोंडात आग होते आणि वरचेवर तोंड येते. शिवाय दर काही महिन्यांनी प्लास्टिकचा ब्रश कचऱ्यात टाकणे मनाला पटत नाही. म्हणून तुम्ही कडुनिंबाची काडी आणि घरी केलेले दंतमंजन यांवर यायचे ठरवले आहे. मंजनात गोवरीची राख, सैंधव, तुरटी, हळद आणि लवंगेची पूड आहे. आजीने जन्मभर राखुंडीच वापरली आणि ऐंशीच्या पुढेही तिचे दात शाबूत होते, हा तुमचा मुख्य आधार आहे. हे सुरक्षित आहे का आणि सात वर्षांच्या मुलीलाही हीच सवय लावावी का, असे तुम्ही विचारले आहे.

मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी बरीच वर्षे दंतवैद्यकाचा व्यवसाय करते आणि काडी, राखुंडी, मिश्री, ब्रश असे सगळे वापरणारे लोक माझ्याकडे येतात. त्या अनुभवावरून आधी निष्कर्ष सांगते आणि मग कारणे देते. काडी तुम्हाला चालू शकेल, पण काही अटींवर. मंजन तुम्ही वापरू नये. मुलीच्या बाबतीत मात्र टूथपेस्ट सोडू नये, असे मी आग्रहाने सांगेन. या तिन्ही गोष्टी एकाच प्रश्नात आल्या असल्या तरी त्यांची कारणे निरनिराळी आहेत, आणि ‘नैसर्गिक की कृत्रिम’ अशी विभागणी केली की ती नेमकी नजरेआड होतात.

दात घासताना आपण दोन कामे करत असतो. पहिले काम म्हणजे दातांवर आणि हिरडीच्या कडेला साचणारा जंतूंचा चिकट थर, ज्याला प्लाक म्हणतात, तो खरवडून काढणे. दुसरे काम म्हणजे त्या जंतूंनी साखरेपासून केलेल्या आम्लापासून दाताचे रक्षण करणे. पहिले काम घासण्याने होते. दुसरे काम मुख्यतः टूथपेस्टमधील फ्लोराइड या घटकामुळे होते. कोणताही पर्याय तपासताना तो यांतले कोणते काम करतो आणि कोणते सोडून देतो, एवढे पाहिले तरी बराचसा गोंधळ संपतो.

पहिल्या कामाचे महत्त्व दाखवणारा एक जुना प्रयोग आहे. १९६५ साली डेन्मार्कमधील आऱ्हूस येथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या काही जणांना, मुख्यतः दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना, दात घासणे पूर्णपणे थांबवायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे थर निघाला की हिरडी सुधारते. तो कशाने निघाला, याला फारसे महत्त्व नाही. पुढच्या काळातील अभ्यासांतून हेही दिसले आहे की केवळ थर काढण्याच्या कामात टूथपेस्टमुळे फारशी भर पडत नाही. पाण्याने ओला केलेला मऊ ब्रश सावकाश आणि नीट फिरवला, तर थर तितकाच निघतो. हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते, कारण फेस आला की दात स्वच्छ झाले, अशी आपली समजूत झालेली असते. त्यामुळे ज्यांना पेस्ट सोसत नाही त्यांच्यासाठी नुसता मऊ ब्रश हाच पहिला पर्याय आहे, आणि तो कोणीही सुचवत नाही याचे मला नेहमी वाईट वाटते.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे वळते, कारण मला वाटते तुमचा खरा प्रश्न तिथेच आहे. बहुतेक टूथपेस्टमध्ये फेस येण्यासाठी सोडियम लॉरिल सल्फेट घातलेले असते. काही लोकांच्या तोंडातील नाजूक त्वचेला ते झोंबते आणि ज्यांना वारंवार तोंड येते त्यांचा त्रास त्याने वाढू शकतो. दालचिनी किंवा पुदिन्याचा तीव्र स्वादही काहींना सोसत नाही. सोडियम लॉरिल सल्फेट नसलेल्या, फेस कमी होणाऱ्या पेस्ट औषधांच्या दुकानात मिळतात. पाकिटावरची घटकांची यादी वाचून तशी एक घ्या, महिना-दीड महिना वापरून पाहा आणि मग टूथपेस्ट सोडायची की नाही ते ठरवा. दुसरी गोष्ट अशी की तोंड येण्यामागे लोहाची किंवा ‘बी १२’ या जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. तुम्ही शाकाहारी असाल तर रक्ताची तपासणी जरूर करून घ्या. एखादा व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, तर मात्र पेस्ट बदलत न बसता तो डॉक्टरांना दाखवा.

काडीबद्दल मला आदर आहे, आणि तो केवळ परंपरेपोटी नाही. वाग्भटांच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात दात घासण्याची काडी करंगळीच्या टोकाएवढी जाड, सरळ आणि बारा अंगुळे लांब असावी, टोक चावून मऊ केलेले असावे आणि हिरड्यांना इजा होऊ न देता ती वापरावी, असे सांगितले आहे. यातली हिरड्यांना न दुखवण्याची अट आजही तितकीच मोलाची आहे, आणि काडी वापरणारे बहुतेक लोक नेमकी तीच विसरतात. तोंड आलेले असताना काडी वापरू नये, असेही त्याच ठिकाणी सांगितले आहे. तुमच्या बाबतीत ते लागू पडते. अरब देशांत आणि आफ्रिकेत पिलूच्या मुळाची काडी, म्हणजे मिसवाक, अशाच पद्धतीने वापरतात, आणि जिथे ब्रश परवडत नाही तिथे तिचा वापर करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही सुचवले आहे.

आपल्याकडे कडुनिंब, बाभूळ आणि करंज ही झाडे सहज सापडतात आणि तिन्ही चालतात. कोवळी, ताजी, हिरवी फांदी घ्यावी. रस्त्याच्या कडेची धुळीने माखलेली किंवा फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरची घेऊ नये. फांदी धुऊन टोकाची साल बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढी सोलावी आणि ते टोक दाढेखाली धरून हळूहळू चावावे. चांगल्या काडीचे धागे चावल्यावर सुटे आणि ओलसर होतात; जून किंवा वाळलेल्या काडीचे मात्र तुकडे पडतात आणि कुसळासारखे टोचतात, अशी काडी टाकून द्यावी. धागे सुटले की ते हिरडीच्या कडेवर ठेवून दाताच्या टोकाकडे ओढायचे: वरच्या दातांवर वरून खाली, खालच्या दातांवर खालून वर. आडवे घासायचे नाही. शेवटी काडी उभी चिरून एका फाकीची कमान करून जीभ स्वच्छ करण्याची जुनी पद्धत उत्तम आहे. वापरलेले टोक कापून टाकावे, आणि शक्यतो रोज नवी काडी घ्यावी.

झाडांची नावे मी मुद्दाम मोजकीच दिली आहेत. जुन्या ग्रंथांतील याद्यांमध्ये रुई आणि कण्हेर हीदेखील नावे सापडतात, आणि त्या याद्या आता मोबाइलवर सर्रास फिरतात. रुईचा चीक तोंडाला आणि डोळ्यांना पोळतो, तर कण्हेरीच्या सर्व भागांत हृदयावर परिणाम करणारे विष असते. ओळख पटलेली आणि खात्रीची अशी वरची तीन झाडे सोडून इतर काड्यांचे प्रयोग घरी करू नयेत.

काडीची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. पुढच्या दातांच्या बाहेरच्या बाजूवर ती छान चालते. मागच्या दाढांच्या आतल्या, म्हणजे जिभेकडच्या बाजूला ती जवळजवळ पोहोचत नाही, कारण काडी सरळ असते आणि तिचे धागे तिच्या टोकाच्या दिशेनेच निघतात, ब्रशसारखे आडवे नसतात. वर्षानुवर्षे काडी वापरणाऱ्या माणसाच्या तोंडात आरसा घातला की हे चित्र पुन्हा पुन्हा दिसते: पटाशीचे दात आणि सुळे चकचकीत, आणि खालच्या दाढांच्या आतल्या बाजूला कीटणाचा, म्हणजे साचून घट्ट झालेल्या थराचा, पिवळा-तपकिरी कठीण पट्टा. दोन दातांमधल्या फटीत तर काडी जात नाहीच. ब्रशही जात नाही, त्यासाठी धागा किंवा फटीत घालायचा बारीक ब्रशच हवा. म्हणून माझा सल्ला असा की सकाळी काडी हवी तर वापरा, पण रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रश वापरा. झोपेत लाळ कमी सुटते, तोंडाचे नैसर्गिक संरक्षण कमी होते, आणि त्यामुळे रात्रीचे घासणे सकाळच्यापेक्षाही अधिक महत्त्वाचे असते.

आता मंजन. तुमच्या यादीतली राख ही मला सर्वांत अधिक काळजी करायला लावणारी गोष्ट आहे. जनावरे गवत आणि कडबा खातात, त्यातील सिलिका शेणात उतरते आणि गोवरी जळाल्यावर ती राखेत शिल्लक राहते. गोवऱ्या जमिनीवर थापताना चिकटलेली माती आणि बारीक वाळू तर वेगळीच. कोकणात भाताच्या तुसाची राख वापरतात, तिच्यात तर बहुतांश सिलिकाच असते. खनिजांचा कठीणपणा मोजायची मोह्स नावाची एक ते दहा अशी श्रेणी आहे. तिच्यावर दाताचे वरचे आवरण, म्हणजे एनॅमल, सुमारे ५ वर येते, त्याच्या आतले डेंटिन सुमारे ३ वर आणि वाळूतील गारेचा कण ७ वर. राख वस्त्रगाळ केली तरी कण लहान होतात, त्यांचा कठीणपणा कमी होत नाही. हिरडी थोडी खाली सरकलेली असेल, तर दाताच्या मुळावरचे मऊ डेंटिन उघडे पडलेले असते आणि रोजच्या बोटाने घासलेल्या राखेने ते झिजत जाते.

ही झीज मला रोज पाहायला मिळते. उजव्या हाताने घासणाऱ्या माणसाच्या डाव्या बाजूचा सुळा आणि त्यालगतच्या लहान दाढा हिरडीजवळ आत गेलेल्या असतात. तिथे नख फिरवले तर खाच लागते, आणि ती खाच कुठेही काळी किंवा खडबडीत नसते, उलट घोटून गुळगुळीत केल्यासारखी चमकते. माणूस सांगतो की दात किडलेला नाही, तरीही गार पाणी लागले की कळ मस्तकात जाते. झिजलेले एनॅमल शरीर पुन्हा तयार करत नाही. खाच भरून देता येते, पण राखुंडी चालू राहिली की भरलेलेही झिजते. कोळशाच्या पुडीला आणि बाजारातल्या गेरू घातलेल्या लाल मंजनांनाही हेच लागू आहे. घासल्यावर दात पांढरे दिसतात, कारण वरचे डाग खरडले जातात. पण एनॅमल पातळ झाले की आतल्या डेंटिनचा पिवळा रंग वर दिसू लागतो, आणि मग माणूस अधिक जोराने घासू लागतो.

तुरटीबद्दल वेगळी सावधगिरी हवी. तुरटी, बाभळीची साल आणि माजूफळ हे सारे तुरट पदार्थ हिरडीची वरची त्वचा आवळून धरतात. रक्त येणे थांबते आणि हिरडी बरी झाली असे वाटते. पण हिरडीच्या आत कीटण तसेच असेल, तर हाडाची झीज चालूच राहते, फक्त तिची खूण दिसेनाशी होते. हिरडीतून येणारे रक्त हा इशारा आहे. तो दाबण्यापेक्षा त्याचे कारण काढायला हवे. सैंधवाच्या कोमट पाण्याने गुळण्या करायला माझी काहीच हरकत नाही, मात्र मिठाचे खडे हिरडीवर चोळू नयेत. हळदीने अपाय होत नाही. लवंगेतील युजेनॉल ठणका कमी करते, परंतु शुद्ध लवंग तेल हिरडीवर लावल्यास त्वचा पोळते आणि पांढरी पडते.

बोटाला काही तरी पूड हवीच असेल, तर राखेऐवजी चिमूटभर खाण्याचा सोडा ओल्या मऊ ब्रशवर घ्या. तो दातापेक्षा पुष्कळ मऊ आहे, पाण्यात विरघळतो आणि आम्लता कमी करतो. त्याच्यात लिंबू मात्र कधीही पिळू नका. पीएच हे आम्लतेचे माप आहे, आकडा जितका लहान तितके आम्ल तीव्र. एनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागते आणि लिंबाचा रस २ ते २.५ पीएचच्या आसपास असतो.

तुम्ही मिश्रीचा उल्लेख केलेला नाही, तरीही दंतमंजनाचा विषय निघाला की मला तो टाळता येत नाही. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून केलेली मिश्री आजही आपल्या भागात अनेक घरांत, विशेषतः वयस्कर बायकांमध्ये, दात घासण्याच्या नावाखाली लावली जाते. दात घासायला म्हणून सुरू झालेली मिश्री पुढे दिवसातून चार वेळा लागते, कारण तिच्यात निकोटीन असते. तिने हिरड्यांवर आणि गालाच्या आतल्या बाजूला पांढरे चट्टे येतात आणि त्यांतल्या काहींचे कर्करोगात रूपांतर होते. टूथपेस्ट आणि टूथ पावडरमध्ये तंबाखू वापरण्यास भारत सरकारने १९९२ साली बंदी घातली, पण घरी भाजल्या जाणाऱ्या मिश्रीला ती बंदी कशी रोखणार? कोणी तुम्हाला ‘घरगुती काळे मंजन’ दिले, तर त्यात काय आहे हे विचारल्याशिवाय ते तोंडात घालू नका, आणि घरात कोणी मिश्री लावत असेल तर त्यांचे तोंड एकदा तपासून घ्या.

आजीच्या दातांबद्दल तुम्ही लिहिले ते मी पूर्णपणे खरे मानते. अशा आज्या मीही तपासल्या आहेत. पण त्यांचे दात राखुंडीमुळे टिकले, असे म्हणण्याआधी त्यांचे खाणे पाहायला हवे. ज्वारी-बाजरीची भाकरी, कोरड्यास, जेवणांच्या मधल्या वेळी काही न खाण्याची रीत, आणि साखर सणासुदीलाच. कीड लागण्यासाठी साखर लागते, आणि किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली याला अधिक महत्त्व असते, कारण प्रत्येक वेळी पुढचा अर्धा तास तोंडात आम्ल राहते. दिवसातून पाच वेळा गोड चहा आणि त्याबरोबर बिस्किटे खाणाऱ्या आजच्या माणसाने आजीची राखुंडी उचलली आणि आजीचे खाणे मात्र उचलले नाही, तर आजीचे दात त्याच्या वाट्याला येणार नाहीत. आणि त्याच पिढीतल्या ज्या बायकांचे दात पन्नाशीतच पायोरियाने हलून पडले, त्यांच्या दातांची आठवण कोणी काढत नाही.

तेलाच्या गुळण्यांबद्दलही लोक विचारतात. तिळाचे किंवा खोबरेल तेल तोंडात धरून ठेवण्याच्या प्रथेला आयुर्वेदात गंडूष आणि कवल अशी नावे आहेत. काही लहान अभ्यासांत त्याने प्लाक थोडा कमी झालेला दिसतो. तोंड कोरडे पडणाऱ्यांना त्याने बरेही वाटते. घासून झाल्यावर करायची ही जोड आहे, घासण्याच्या जागी ती ठेवता येत नाही. तेल गिळू नये, आणि ठसका लागणाऱ्या वृद्धांना व लहान मुलांना ते देऊ नये, कारण तेल श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला सूज येते.

राहिले दुसरे काम, म्हणजे किडीपासून रक्षण. काडी, सोडा, तेल, मीठ यांपैकी काहीही ते काम करत नाही. आम्लाने एनॅमलमधून निघून गेलेली खनिजे लाळेतून परत बसत असतात. फ्लोराइड असेल तर ती लवकर बसतात आणि नवा थर आम्लाला सहजासहजी दाद देत नाही. २००३ सालच्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरणाऱ्या मुलांमध्ये फ्लोराइड नसलेली पेस्ट वापरणाऱ्यांपेक्षा कीड सुमारे २४ टक्क्यांनी कमी आढळली होती. तुम्हाला इतक्या वर्षांत एकही दाढ भरावी लागली नसेल, गोड कमी असेल आणि लाळ भरपूर असेल, तर फ्लोराइडविना तुमचे निभावून जाईल. पण आधी दाढा भरलेल्या असतील, मुळे उघडी पडली असतील, मधुमेह असेल किंवा एखाद्या औषधाने तोंड कोरडे पडत असेल, तर हा धोका पत्करू नका. फ्लोराइडची भीती अगदीच निराधार आहे, असे मी म्हणत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात ते लिटरला १.५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त असते आणि मुलांच्या दातांवर कायमचे डाग पडतात. तिथे पाण्याची तपासणी आधी करावी. मात्र तो त्रास वर्षानुवर्षे पाण्यातून पोटात गेलेल्या फ्लोराइडचा आहे. थुंकून टाकलेल्या पेस्टचा नाही. ज्यांना ते नकोच असेल त्यांच्यासाठी हायड्रॉक्सिॲपेटाइट, म्हणजे एनॅमल ज्याचे बनलेले असते ते खनिज, असलेल्या पेस्ट आहेत. जपानमध्ये त्या १९८० च्या दशकापासून वापरात आहेत आणि त्यांच्याबाबतचे निष्कर्ष आशादायक आहेत. मात्र आपल्याकडे त्या महाग पडतात.

प्लास्टिकबद्दल थोडे. बांबूच्या दांड्याचा ब्रश जरूर घ्या, पण त्याचे केस बहुधा नायलॉनचेच असतात. फेकताना ते उपटून वेगळे करा. ‘नैसर्गिक केस’ असे लिहिलेले ब्रश बहुतेकदा डुकराच्या केसांचे असतात, आणि ते नीट वाळत नसल्याने त्यांत जंतू टिकून राहतात.

मुलीसाठी मी यातले काहीच सुचवणार नाही. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती यायला कोणताही दात पडावा लागत नाही, त्यामुळे बहुतेक आईवडिलांना ती दुधाचीच वाटते. नव्याने आलेले एनॅमल अजून पक्के झालेले नसते, दाढेवरच्या खाचा खोल असतात, आणि लहान हाताने धरलेली काडी तिथवर पोहोचूच शकत नाही. तिला मऊ ब्रश आणि वाटाण्याच्या दाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट द्या; भारतात पेस्टमधील फ्लोराइडची कमाल मर्यादा १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) आहे आणि पाकिटावर ते प्रमाण लिहिलेले असते. पेस्ट थुंकायला लावा, पण त्यानंतर खळखळून चुळा भरायला लावू नका. रात्रीचे दात तुम्ही स्वतः घासून द्या, निदान आणखी वर्षभर तरी. पुढच्या भेटीत दंतवैद्यांना त्या दाढेच्या खाचा बुजवून घेण्याबद्दल विचारा. कडुनिंबाचे तेल मुलांच्या तोंडात कधीही घालू नका. ते पोटात गेल्याने लहान बाळांच्या मेंदूला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

तुम्ही स्वतः काडी सुरू केलीत, तर ती काम करते आहे की नाही हे घरीच तपासता येते. काडी झाल्यावर चूळ भरा, बीटचा एक तुकडा सगळ्या दातांनी नीट चावा किंवा खाण्याच्या लाल रंगाचा एक थेंब घोटभर पाण्यात घालून तोंडात फिरवा, आणि साध्या पाण्याने एकदाच हलकी चूळ भरून आरशात पाहा. जिथे लाल रंग चिकटून राहिला आहे तिथे थर शिल्लक आहे. लहान आरसा तोंडात धरून खालच्या दाढांची जिभेकडची बाजू मुद्दाम पाहा. त्या जागा रात्रीच्या ब्रशने आधी घासा. दोन आठवडे असे करूनही हिरडीतून रक्त येत राहिले, तर हिरडीखाली कीटण आहे असे समजा. ते ना काडीने निघेल ना ब्रशने, त्यासाठी दवाखान्यात जाऊन सफाईच करून घ्यावी लागेल.